उलट वर्गाध्यापन

वर्गातील व्याख्यान व घरचा अभ्यास यांच्या जागांची अदलाबदल करणारी अध्यापनपद्धती. ‘फ्लिप्ड क्लासरूम’ या नावानेही ती ओळखली जाते. प्रचलित पद्धतीत प्राध्यापक वर्गात विषय मांडतो आणि विद्यार्थी उदाहरणे घरी एकट्याने सोडवितो. उलट वर्गाध्यापनात विषयाची प्राथमिक ओळख विद्यार्थी चित्रफितीवरून आधीच करून घेतो. वर्गातील तासिका उदाहरणे, चर्चा व शंकानिरसन यांसाठी राखून ठेवलेली असते. विद्यार्थी बहुधा अडतो तो विषय ऐकताना नव्हे, तर तो स्वतः लावून पाहताना. त्या वेळी शिक्षक जवळ असावा, हे या पद्धतीमागील मुख्य तत्त्व होय.

हार्व्हर्ड विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वर्गात विद्यार्थ्यांनी एकमेकांस समजावून देण्याची रीत रूढ केली. ओहायओ राज्यातील मायामी विद्यापीठात अर्थशास्त्राची व्याख्याने चित्रफितींवर आधी उपलब्ध करून देण्याच्या प्रयोगाचे वर्णन २००० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००७ च्या सुमारास कोलोरॅडोतील जॉनथन बर्गमन व ॲरन सॅम्स या शालेय शिक्षकांमुळे या पद्धतीचा विशेष प्रसार झाला.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केले. तथापि ते ठरावीक वेळीच पाहावे लागत. थांबवून पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. ही उणीव आंतरजालावरील पाठांनी दूर केली. भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्था यांचा ‘एनपीटेल’ हा उपक्रम २००३ मध्ये, तर केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. स्वयम्‌वरील अभ्यासक्रमाचे चित्रफिती, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन व चर्चा असे चार भाग असतात. एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्‌द्वारा पूर्ण करण्याची मुभा आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी दिली. २०१६ मध्ये ही मर्यादा २० टक्के होती.

महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने या विषयात उल्लेखनीय कार्य केले आहे. तेथील सहना मूर्ती, श्रीधर अय्यर व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेल्या अध्येताकेंद्री प्रतिमानात चित्रफीत मध्येच थांबवून विद्यार्थ्यास प्रश्न विचारला जातो व तो विचार करीपर्यंत निवेदन पुढे सरकत नाही. याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील संगणकविषयक छोटे पाठ मराठीतही ऐकता येतात.

या पद्धतीचे स्वरूप एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. ‘मागणीची लवचीकता’ या घटकावर विद्यार्थी दहा मिनिटांची चित्रफीत पाहून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून आणतात. ती चाळून प्राध्यापक सामान्य चुका हेरतो. वर्गात तूरडाळीचा भाव १० टक्क्यांनी वाढल्यास मागणी ४ टक्क्यांनी घटते, असे मानून विद्यार्थी गटागटाने लवचीकता ०·४ काढतात आणि मागणी भावाइतकी का घटली नाही, याची चर्चा करतात. व्याख्यानात न उमटणारे मतभेद येथे उघड होतात.

विज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांच्या पदवी-अध्यापनाविषयीच्या २२५ अभ्यासांचे संकलन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण सरासरी ३३·८ टक्के, तर विद्यार्थ्यांच्या सक्रिय सहभागाच्या वर्गांत २१·८ टक्के आढळले. यावरून लाभाचे मूळ चित्रफितीपेक्षा वर्गातील कृतीत आहे, असे मानण्यास जागा आहे. चित्रफीत दाखवून वर्ग रिकामा सोडणे म्हणजे उलट वर्गाध्यापन नव्हे.

ही पद्धती वर्गाचा वेळ वाचविते, परंतु घराकडून वेळ, शांतता व साधने यांची अपेक्षा करते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम या पाच जिल्ह्यांत पसरलेल्या, १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर, असदगड किल्ल्यालगत वसलेल्या अकोल्याच्या जुन्या शहरासारख्या दाट वस्तीत एखाद्या कुटुंबात एकच भ्रमणध्वनी असेल व तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर चित्रफीत पाहण्यास रात्रच उरते. खेड्यातून एस. टी. ने येणाऱ्या व वेचणीच्या हंगामात शेतात राबणाऱ्या विद्यार्थ्याचीही अडचण अशीच. इंग्रजी निवेदनामुळे ती अधिकच वाढते. अशा वेळी तयारी न झालेला विद्यार्थी आळशी समजला जाण्याचा व मागे पडण्याचा धोका असतो.

यावर काही उपाय करता येतात. चित्रफिती लहान ठेवणे, त्या महाविद्यालयातच उतरवून घेण्याची सोय करणे, ग्रंथालयातील संगणक तासिकांपूर्वी खुले ठेवणे आणि मराठीत छापील सारांश देणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. चित्रफीत न पाहिलेल्यांसाठी प्राध्यापकाने संपूर्ण व्याख्यान पुन्हा दिल्यास तयारी करून येणाऱ्यांचा उत्साह मावळतो. म्हणून उजळणी थोडक्यात आटोपून मागे राहिलेल्यांना गटात सामावून घेणे श्रेयस्कर. चित्रफितीबरोबर पूर्वीचा गृहपाठही कायम ठेवल्यास विद्यार्थ्यावरील भार दुप्पट होतो. प्रश्नसंच रचणे व उत्तरे तपासणे यांस लागणारा वेळ प्राध्यापकाच्या कार्यभारात धरणेही आवश्यक असते.