दोन हॉप, तिसरा गंध

क्राफ्ट बिअरच्या कॅनवर हल्ली हॉपच्या जाती ठळक छापतात. चार-पाच नावं एकत्र दिसली की बिअर तेवढीच भारी, असं पिणाऱ्यालाही वाटू लागतं. मला हा हिशेब चुकीचा वाटतो. हॉपची जोडी जमते ती प्रत्येक जातीला कोणतं काम दिलं आणि ते कधी करायला लावलं, यावर.

हॉप म्हणजे भांगेच्याच कुळातल्या एका वेलीचा मादी फुलोरा. त्याच्या खवल्यांच्या बुडाशी ल्युप्युलिन नावाची पिवळी पूड असते आणि तिच्यात राळ व सुगंधी तेलं असतात. माल्टच्या गोड काढ्यात हॉप तासभर उकळला की राळेतल्या अल्फा आम्लांची रचना बदलते आणि बिअर कडू होते. तेलं मात्र वाफेबरोबर उडून जातात. कोथिंबीर शेवटी का घालायची हे ज्याला कळतं, त्याला सुवासाचा हॉप उशिरा का टाकायचा हे वेगळं सांगायला नको. म्हणून पहिली, सर्वांत सोपी जोडी कामाची वाटणी करते. जर्मन मॅग्नमसारखी जात थोडक्यात भरपूर, स्वच्छ कडूपणा देते आणि बाजूला होते. शेवटी कॅस्केड येते ती पपनसाच्या सालीसारखा वास घेऊन. इंग्लंडच्या फगल जातीचा वारसा असलेली कॅस्केड ओरेगनमध्ये 1972 साली प्रसारित झाली. सिएरा नेवाडा ब्रुअरीने 1980 मध्ये काढलेल्या पेल एलमुळे तिचा वास अमेरिकन क्राफ्ट बिअरची ओळखच होऊन बसला.

दुसऱ्या प्रकारची जोडी याहून गमतीची. तिथे दोन वासांची नुसती बेरीज होत नाही, मधे यीस्ट पडतं. जपानच्या सप्पोरो कंपनीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं, की हॉपमधल्या गुलाबासारख्या वासाच्या जेरॅनिऑलचा काही भाग यीस्ट सिट्रोनेलॉलमध्ये बदलतं. भरपूर लिनालूल सोबत असेल तर हे तिन्ही मिळून बिअरला लिंबूवर्गीय वास देतात. म्हणजे जेरॅनिऑल पुरवणारी एक जात आणि लिनालूल पुरवणारी दुसरी एकत्र आणली, तर ग्लासातला गंध दोन्ही हॉप नुसते हुंगून ओळखता येईलच असं नाही.

यावर कोणी पिल्सेन शहराकडे बोट दाखवील. योसेफ ग्रोलने 1842 मध्ये तिथे घडवलेली बिअर आजही एकट्या साझ हॉपवर उभी आहे, मग जोडी हवीच कशाला? पण तिथेही साझ उकळीत एकदम पडत नाही, टप्प्याटप्प्याने पडतो. जात एक असली तरी कामं वेगवेगळी. हा दाखला माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, उलट आधारच देतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रुअरीच्या प्लिनी द एल्डर या बिअरमध्ये सिमको, सेंटेनियल, अमॅरिलो अशा अनेक जाती असूनही ती नावाजलेली का? त्या जातींचे वास मोजक्याच दिशांना ओढतात, एकीकडे पाइनची राळ आणि दुसरीकडे लिंबू-संत्र्याची साल. नावं बरीच, पण बोलणं दोघांचंच. आंबा, नारळ, पुदिना आणि लसूणवजा गंधकाचा वास देणाऱ्या चार जाती एकाच टाकीत ओतल्या, तर तेच मिश्रण गढूळ होतं.

अनेक जाती घालण्यामागे एक व्यवहारी कारण मात्र खरं आहे. हॉप हे पीक आहे. ऊन, पाणी आणि काढणीचा दिवस बदलला की एकाच जातीची तेलंही बदलतात. मिश्रणात एक जात फिकी निघाली तर दुसरी सावरून घेते. म्हणूनच काढणीच्या हंगामात ब्रुअर वॉशिंग्टन राज्यातल्या यकिमा खोऱ्यात जातात, फुलं तळहातावर चोळून हुंगतात आणि आपल्याला हवा तो लॉट निवडतात. पुण्या-मुंबईच्या छोट्या ब्रुअरीला ही चैन सहसा परवडत नाही. आयात केलेल्या हॉपच्या गोळ्यांच्या पाकिटावर अल्फा आम्लांची टक्केवारी असते, पण वास कसा उतरेल हे त्या आकड्यावरून कळत नाही. अशा वेळी दोनच जाती घेऊन आधी छोटा घाणा काढून पाहणं जास्त शहाणपणाचं, कारण काही बिघडलं तर कोणत्या हॉपमुळे, हे तरी सापडतं.