मापाची सायकल : कार्बनतंतूंच्या फ्रेमची घडण

१

‘पोलादाची सायकल’ आणि ‘कार्बनची सायकल’ हे दोन शब्दप्रयोग व्याकरणदृष्ट्या एकाच घडणीचे आहेत. दोहोंतही षष्ठीचा प्रत्यय वस्तू आणि तिचे द्रव्य यांमधील संबंध दाखवितो. परंतु हा संबंध दोन्ही ठिकाणी सारखा नाही. पोलाद हे फ्रेमच्या आधीच सिद्ध असते. कारागीर त्याच्या नळ्या घेतो, कापतो आणि जोडतो. कार्बनच्या फ्रेमचे द्रव्य मात्र फ्रेमबरोबरच जन्मास येते. तंतू आणि राळ यांचा संयोग नळी घडताना व जोड बांधताना होतो. म्हणजे वस्तूचा आकार ठरतो त्याच वेळी तिच्या द्रव्याचे गुणही ठरतात. शर्यतीच्या घाटाची सायकल एका विशिष्ट स्वाराच्या मापाने बांधताना या भेदाचे कोणते परिणाम होतात, ते पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

आज प्रचारात असलेला कार्बनतंतू मुख्यतः पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून करतात. इ. स. १९६० च्या आगेमागे जपानमध्ये ओसाका येथे अकिओ शिंडो यांनी या धाग्यावर प्रयोग केले. पुढे इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमानविद्येच्या संशोधनसंस्थेत ही रीत अधिक विकसित झाली. धागा प्रथम हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानात तापवितात आणि नंतर नायट्रोजनसारख्या वायूत १००० अंशांच्या वर नेतात. कार्बनखेरीज बहुतेक सर्व मूलद्रव्ये निघून जातात आणि सुमारे सात सहस्रांश मिलिमीटर जाडीचा तंतू उरतो. आपल्या लांबीच्या दिशेत तो ताठपणात पोलादाशी बरोबरी करतो. त्याची घनता मात्र पोलादाच्या पाव हिश्श्याहूनही कमी असते.

‘लांबीच्या दिशेत’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. एपॉक्सी राळेत एकाच दिशेने बसविलेल्या तंतूंचा थर आडव्या दिशेत उभ्या दिशेच्या दहाव्या हिश्श्याइतकाही ताठ नसतो. वेळूची कांब उभी चटकन चिरते, पण आडवी तोडावयास कोयता लागतो. प्रकार तोच आहे. फरक इतकाच की, वेळूत तंतूंची दिशा निसर्गाने ठरविलेली असते, तर येथे ती कारागिराने ठरवावयाची असते.

फ्रेमवर पडणारे भार मुख्यतः तीन प्रकारचे असतात. स्वाराच्या वजनाने व रस्त्याच्या धक्क्याने नळी वाकू पाहते. हा भार नळीच्या लांबीबरोबर जाणारे तंतू पेलतात. पायडल मारताना आणि हँडल ओढताना नळीला पीळ बसतो. त्यासाठी तंतू ४५ अंशांनी, दोन्ही बाजूंना तिरके घालावे लागतात. जेथे पट्टीने आवळले जाते तेथे नळी चेपू पाहते. तेथे ९० अंशांचे आडवे थर उपयोगी पडतात. पोलादाच्या नळीत व्यास आणि जाडी एवढेच बदलता येते. येथे दिशा ही तिसरी गोष्ट कारागिराच्या हाती येते.

३

घडणीच्या दोन पद्धती सांगता येतील. पहिलीत राळ आधीच मुरविलेले कार्बनचे कापड तुकड्या-तुकड्यांनी धातूच्या साच्यात मांडतात, आतील फुगा फुगवून ते साच्याच्या भिंतीवर दाबतात आणि साधारणतः १२० ते १५० अंश तापमानात पक्के करतात. साचा महाग असल्यामुळे उत्पादक एका नमुन्याची पाच-सात मापेच काढतो. दुसरीत स्वतंत्र नळ्या हव्या त्या लांबीच्या व कोनाच्या कापून एकमेकींस भिडवितात आणि सांध्यावर कापडाचे थर गुंडाळून ते पक्के करतात. हिला श्रम अधिक लागतात, परंतु प्रत्येक फ्रेमसाठी नवा साचा लागत नाही. म्हणूनच मापाची फ्रेम बांधणारे कारागीर बहुधा हीच पद्धत स्वीकारतात.

शर्यतीच्या इतिहासात १९८६ साली ग्रेग लेमाँड यांनी ‘तूर द फ्रांस’ कार्बनच्या नळ्यांच्या फ्रेमवर जिंकली. १९९४ साली इटलीतील कोल्नागो यांची ‘सी ४०’ ही सायकल पुढे आली. तीही नळ्या व जोडतुकडे यांनी बांधलेली होती. अखंड साच्याचे उदाहरण म्हणून १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये क्रिस बोर्डमन यांना सुवर्णपदक मिळवून देणारी लोटसची सायकल सांगता येईल. ती मात्र रस्त्याची नसून धावपट्टीची होती.

४

माप म्हणजे केवळ उंची नव्हे. समान उंचीच्या दोन व्यक्तींपैकी एकीचे पाय लांब व धड आखूड, तर दुसरीचे नेमके उलट असू शकते. सीटच्या उंचीचा एक प्रचलित आडाखा असा की, पायाच्या आतील बाजूची लांबी ०.८८३ ने गुणावी. येणारे अंतर पायडलाच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवावे. ८० सें. मी. लांबीस हे अंतर सुमारे ७०.६ सें. मी. येते. हा आडाखा आरंभापुरताच घ्यावयाचा. गुडघा, कंबर आणि पाठ यांची लवचीकता पाहून त्यात बदल करावा लागतो. सीट बरीच चुकली तर शेकडो किलोमीटरांच्या सरावात तिचा दंड गुडघ्यास भरावा लागतो.

एक बदल दुसऱ्यास कसा ओढून आणतो, हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. बुटक्या स्वाराच्या आखूड फ्रेममध्ये पायडल पुढे असताना बुटाचे टोक पुढील चाकास घासण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी हँडलाच्या आसाचा जमिनीशी असलेला कोन ७३ अंशांवरून ७२ वर आणला, असे समजू. हा आस खाली वाढविला असता जमिनीस जेथे मिळतो, त्या बिंदूच्या मागे चाक टेकते. हे मागे राहण्याचे अंतर वाढले की सायकल सरळ जाण्याकडे अधिक झुकते आणि वळण्यास मंद होते. चाकाची त्रिज्या ३४० मि. मी. आणि चिमट्याचा पुढावा ४५ मि. मी. धरल्यास ७३ अंशांस हे अंतर सुमारे ५७ मि. मी., तर ७२ अंशांस सुमारे ६३ मि. मी. भरते. ते पुन्हा ५७ वर आणावयाचे तर पुढावा ५१ मि. मी.च्या आसपास हवा. तात्पर्य, बुटाच्या टोकासाठी केलेला बदल चिमटा बदलल्यावाचून पूर्ण होत नाही.

मापात वजनही येते. ५५ किलोंच्या स्वारास जी फ्रेम दगडासारखी ताठ वाटते, तीच ९० किलोंच्या स्वाराखाली लवते. थरांची संख्या व दिशा बदलून ही तफावत भरून काढणे हाच कार्बनच्या मापाच्या फ्रेमचा खरा विशेष होय.

५

अशा सायकलीची महती सामान्यतः तिच्या हलकेपणावरून सांगितली जाते. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे. स्वार व सायकल मिळून ७८ किलो धरल्यास एक किलो कमी झाल्याने तीव्र चढावरील वेळ फार तर सव्वा टक्क्याने घटतो. सपाटीवर तो लाभ जवळजवळ नाहीसा होतो. शिवाय आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीस ६.८ किलोंची किमान मर्यादा घातली आहे. सपाटीवर वेगाने जाताना बहुतेक शक्ती हवेचा विरोध मोडण्यात खर्च होते आणि हा विरोध फ्रेमपेक्षा स्वाराच्या शरीरामुळेच अधिक होतो. शरीर वाकवून तासन्‌तास राहता येणे हे मापावर अवलंबून आहे. रस्त्याचे हादरेही फ्रेमपेक्षा टायरच अधिक शोषून घेतात. म्हणजे हलकेपणा आणि मऊपणा या दोन प्रसिद्ध गुणांहून माप हाच गुण अधिक निर्णायक ठरतो.

परंतु याच ठिकाणी कार्बनची कठोर बाजू पुढे येते. पोलादाची फ्रेम थोडी वाकडी झाली तर जाणता कारीगर ती सरळ करू शकतो. तुटण्यापूर्वी ती वाकते आणि इशारा देते. कार्बन असा वाकत नाही. एखाद्या आघाताने आतील थर सुटतात, वरचा रंग मात्र अभंग दिसतो आणि पुढे एखाद्या उतारावर चिमटा अकस्मात मोडू शकतो. नाण्याने हळूच ठोकून पाहिल्यास सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. ही प्राथमिक परीक्षा झाली, निर्णायक नव्हे. संशय राहिल्यास ध्वनितरंगांनी तपासणी करविणे इष्ट. खराब भाग घासून त्यावर नवे थर चढविता येतात, पण चुकलेले माप दुरुस्त करता येत नाही. सीटची नळी व हँडल आवळताना उत्पादकाने दिलेली मर्यादा पाळावी आणि ठरावीक जोर लागताच सूचना देणारा पाना वापरावा. कारण आडव्या दाबाने चिरडणे हेच पातळ नळीचे दौर्बल्य आहे.

सारांश, जे द्रव्य वस्तूबरोबर घडते, ते घडून गेल्यावर बदलता येत नाही. म्हणून अशा सायकलीच्या बाबतीत निर्णयांचा क्रम उलटा चालत नाही : आधी स्वाराचे शरीर, मग कोन व अंतरे, मग तंतूंची दिशा आणि सर्वांत शेवटी वजनाचा काटा. बहुधा गिऱ्हाईक प्रथम काट्याकडेच पाहते. आणि महाग सायकल अंगास न लागण्याचे कारणही बहुधा तेथेच सापडते.