बाई, तुमच्या घरी काय करतात?

गोष्ट आहे जून २०२२ मधली. शाळा नुकती सुरू झाली होती. नववीच्या मुलांना मी सांगितलं, सुट्टीत वाचलेली एक बातमी कापून वहीत चिकटवून आणा. तालुक्याच्या गावातली आमची साधी मराठी शाळा. मी तिथे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. बहुतेकांनी क्रिकेटच्या नाहीतर पावसाच्या बातम्या आणल्या. एका मुलाने मात्र वेगळंच कात्रण आणलं होतं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, या प्रथा बंद करण्याचा ठराव त्या गावाने मे २०२२ मध्ये केला होता.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, म्हणजे हा कायदा झाला का?"

प्रश्न चांगला होता. मी फळ्यावर तीन शब्द लिहिले: कायदा, परिपत्रक, ठराव. कायदा संसद किंवा विधिमंडळ करतं. परिपत्रक म्हणजे सरकारने आपल्या कार्यालयांना दिलेली सूचना. आणि ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा, तिथे गाव मिळून ठरवतं तो ठराव. हेरवाडनंतर त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढलं, की इतर गावांनीही हा आदर्श घ्यावा.

"मग कुणी नाही पाळलं तर पोलीस धरतील?"

"नाही. नुसत्या ठरावावरून नाही धरणार."

"मग उपयोग काय, बाई?"

वर्ग हसला. मी त्यांना जरा मागे नेलं. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला १८५६ साली. त्यानंतर सदतीस वर्षांनी, म्हणजे १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या बालविधवेशी लग्न केलं. कायद्याला पूर्ण मंजूर असलेलं लग्न! तरी कोकणातल्या त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. कायदा कागदावर एका दिवसात येतो, घरात यायला पिढ्या लागतात. म्हणून गावाने स्वतः एकत्र बसून ठरवणं, हीसुद्धा मोठी गोष्ट आहे.

मला वाटलं, छान समजावलं आपण. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी.

"बाई, तुमच्या घरी हळदीकुंकवाला बोलावता का हो अशा बायकांना?"

घंटा झाली म्हणून मी सुटले. पण खरं सांगते मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या मोठ्या जाऊबाई आमच्याच घरात राहतात. भाऊजींना जाऊन सहा वर्षं झाली होती. दर संक्रांतीला तिळाचे लाडू त्याच वळतात, वाणाची ताटं त्याच लावून देतात. आणि बायका यायला लागल्या, की न सांगता आत स्वयंपाकघरात जाऊन बसतात. मी त्यांना कधी 'आत जा' म्हटलं नव्हतं. पण 'बाहेर या' असंही कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी खरं ते सांगितलं. "नाही बोलावत. चुकतं माझं." मुलं गप्प झाली. मग आम्ही वर्गातच ग्रामसभा भरवली. एकाने ठराव मांडला, दुसऱ्याने विरोध केला. एक मुलगी म्हणाली, "माझी आजी म्हणते, मला स्वतःलाच आता कुंकू नको वाटतं. मग तिच्यावर जबरदस्ती करायची का?" बराच वाद झाला. शेवटी मुलांनीच मुद्दा काढला, लावायचं की नाही ते तिने ठरवायचं; पुसायला किंवा लावायला दुसऱ्याने हात घालायचा नाही. मोठ्या माणसांच्या सभेत इतकं स्वच्छ बोलणं मी क्वचितच ऐकलंय.

जानेवारी उजाडला. रथसप्तमीच्या आत हळदीकुंकू करायचं होतं. मी धीर करून म्हटलं, "वहिनी, यंदा तुम्ही बाहेर बसायचं."

"अगं, वेड लागलंय का तुला? बायका उठून जातील."

"जाऊ देत. पण तुम्हाला बसावंसं वाटतं का, ते सांगा."

बराच वेळ त्या लाडू वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुंकू नको मला. वाण घेईन."

त्या दिवशी त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. पदर सारखा नीट करत होत्या. दोघीजणी लवकर निघाल्या, एकीने तर लाडूही घेतला नाही. पण शेजारच्या काकूंनी सगळ्यांत आधी वाण दिलं ते वहिनींना. संध्याकाळी वहिनींनी ते साधं स्टीलचं वाडगं घासून फडताळात अगदी पुढे ठेवलं.

वर्गात विचारलंच त्या मुलीने, "बाई, काय झालं?" मी सगळं सांगितलं, उठून गेलेल्या दोघींसकट. ती नुसती मान हलवून खाली बसली. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेलेत, हे मला नंतर कळलं.

आपल्या घरातली चौदा-पंधरा वर्षांची मुलं पेपर वाचतात, टीव्ही बघतात आणि प्रश्न विचारतात. आपण पटकन म्हणतो, "तुला काय करायचंय? अभ्यास कर." खरं तर त्यांना कायदा आणि ठराव यांतला फरक समजावून सांगणं सोपं असतं. अवघड असतं ते त्यांच्या पुढच्या प्रश्नाला उत्तर देणं. पण उत्तर माहीत नसेल किंवा देताना लाज वाटत असेल, तरी प्रश्न टाळू नका. यंदाच्या हळदीकुंकवाला आपल्या स्वयंपाकघरात कोण बसलंय, एवढं तरी बघू या ना!