नव्या मोटारीचे जुने दुखणे

नवी मोटार दारात आली की तिला हार चढतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि चाकाखाली लिंबू ठेवून ती पुढे काढली जाते. योगायोग असा, की वारंवार बिघडणाऱ्या नव्या मोटारीला अमेरिकेत ‘लेमन’, म्हणजे लिंबूच, म्हणतात. इकडे लिंबू चिरडले की इडापिडा टळते अशी श्रद्धा आहे. तिकडे इडापिडा टळली नाही तर मोटार कोणी आणि केव्हा परत घ्यायची याचा कायदा आहे. श्रद्धेबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. कायद्याची उणीव मात्र हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांना सोसावी लागते, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

एखाद्या माध्यमिक शिक्षकाचे किंवा विमा कचेरीतील लिपिकाचे उदाहरण घ्यावे. भविष्य निर्वाह निधीतून काही रक्कम काढून आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज घेऊन त्याने मोटार घेतली. दहा लाखांच्या आतील पेट्रोलची मोटार असली तरी महाराष्ट्रात तिच्या किमतीवर ११ टक्के एकरकमी कर भरावा लागतो. विमा आणि नोंदणी यांचा खर्च वेगळाच. तिसऱ्या महिन्यात ही मोटार भर रस्त्यात बंद पडते. वर्कशॉपमध्ये दोन दिवस राहून परत येते आणि पंधरवड्यात पुन्हा बंद पडते. एक सुटा भाग बदलला जातो, मग दुसरा. चौथ्या खेपेला जॉबकार्डावर शेरा पडतो : ‘गाडी चालवून पाहिली, दोष आढळला नाही.’ हमीची मुदत चालू असल्याने दुरुस्तीचे पैसे पडत नाहीत, हे खरे. परंतु किरकोळ रजा संपत येते, रिक्षाभाडे वाढते, आणि मोटार वर्कशॉपमध्ये आहे म्हणून बँकेचा हप्ता काही थांबत नाही. आजारी आईला घेऊन परगावी निघायचे तर हा गृहस्थ दारातली नवी मोटार सोडून एस. टी.चे तिकीट काढतो. घेतलेल्या वस्तूवरचा विश्वास उडणे ही हानी कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिली जात नाही.

ज्यांना ॲम्बॅसडर आणि पद्मिनी यांचा काळ आठवतो, ते यावर हसतील. त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि मिळालेली मोटार नवी असतानाच मेकॅनिककडे नेऊन ‘नीट करून घ्यावी’ हा शहाण्यासुरत्यांचा सल्ला असे. टंचाईच्या बाजारात ग्राहक हा याचकच असतो, आणि याचकाने दर्जाविषयी बोलू नये हा जगाचा रिवाज आहे. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली मोटार ग्राहकाच्या हाती पडली आणि हे चित्र पालटू लागले. १९९१ नंतर तर देशोदेशीचे कारखानदार येथे आले. आज टंचाई नाही, स्पर्धा भरपूर आहे, आणि एकंदरीने मोटारींचा दर्जा कितीतरी सुधारला आहे हे मान्य केले पाहिजे. मग स्पर्धेच्या या रेट्यात वाईट मोटार घेणाऱ्या दुर्दैवी ग्राहकाची सोय आपोआप का लागू नये?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या निबंधाकडे वळावे लागते. तीन प्रतिष्ठित नियतकालिकांनी साभार परत केलेला हा निबंध अखेर ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ने छापला आणि २००१ साली त्याच्या कर्त्याला, मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्या जोडीने, नोबेल पारितोषिक मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा होता. निबंधाचा विषय ‘लिंबू’ मोटारींचाच. शोरूममधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मोटारीची किंमत कोऱ्या मोटारीपेक्षा इतकी कमी का होते, या साध्या प्रश्नापासून त्याची सुरुवात होते. अकरलॉफचे म्हणणे असे, की मोटार चांगली की वाईट हे ती काही महिने वापरलेल्या मालकाला कळते, नव्या गिऱ्हाइकाला कळत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक सरसकट सर्वच वापरलेल्या मोटारींबद्दल संशय बाळगतो आणि संशयाच्या प्रमाणात किंमत पाडतो. पाडलेल्या किमतीला चांगल्या मोटारीचा मालक विकायला तयार होत नाही; बाजारात उरतात त्या बहुतांशी वाईट मोटारी. विशेष म्हणजे याच निबंधात भारतीय गृहिणीचाही उल्लेख आहे : बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगरूपाचे खडे तिला निवडत बसावे लागते. सुपात तांदूळ घेऊन बसलेली बाई आणि वर्कशॉपच्या बाकावर बसलेला मोटारमालक हे दोघे एकाच प्रकारची किंमत मोजत असतात. अज्ञानाची नव्हे, तर ज्ञान दुसऱ्याच्या हाती असल्याची.

फरक इतकाच, की खडा निदान डोळ्यांना दिसतो. आजच्या मोटारीत इंधनापासून ब्रेकपर्यंत बहुतेक गोष्टींवर संगणकाचे नियंत्रण असते. दोष कधी प्रकटतो, कधी दडून बसतो. तो केव्हा, किती वेळा प्रकटला याची नोंद मोटारीच्या पोटातच असते. पण ती नीट वाचण्याचे उपकरण कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडे असते आणि वाचलेले सांगावे की नाही हे त्यांच्या मर्जीवर. त्याच बनावटीच्या आणखी किती मोटारी याच दुखण्याने आल्या, हे तर फक्त कंपनीच जाणते. ग्राहकाला वाटत राहते, हे आपल्याच नशिबी आले.

कायदा अगदी नाही असे नाही. ‘घेणाऱ्याने सावध असावे’ हे जुने तत्त्व १९३० च्या मालविक्री कायद्यानेच व्यापाऱ्याच्या बाबतीत बरेच सौम्य केले होते. पुढे १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, आणि ग्राहक हा संघटित होऊ शकतो हे महाराष्ट्राने दाखवून दिले. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. दोष दूर करून द्या, त्याच प्रकारची निर्दोष वस्तू द्या किंवा व्याजासह किंमत परत करा, असे आदेश देण्याचा अधिकार आयोगाला आहे. तक्रार तीन महिन्यांत, आणि तपासणीची गरज पडल्यास पाच महिन्यांत, निकाली निघावी असेही कायदा म्हणतो. ही मुदत प्रत्यक्षात किती वेळा पाळली जाते, हे आयोगाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना विचारावे.

खरी मेख मुदतीत नाही, पुराव्यात आहे. मोटार वारंवार बिघडली एवढे सांगून भागत नाही. तिच्यात मूळचा उत्पादनदोष आहे हे ग्राहकाने दाखवावे अशी अपेक्षा असते. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल हवा, आणि तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराकडूनच भरून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. दरम्यान मोटारीचे काय करायचे? ती वापरली तर कंपनीचा वकील मीटरवरचा आकडा दाखवतो : इतके हजार किलोमीटर धावलेली गाडी सदोष कशी? ती घरासमोर उभी ठेवली तर तोच वकील म्हणतो, की निगा न राखल्याने गाडी बिघडली. कर्जाचे हप्ते थकवले तर बँक दारात येते. लहान पगाराचा मनुष्य या तिहेरी कोंडीत फार काळ टिकत नाही, आणि तो टिकणार नाही हे दुसऱ्या बाजूला चांगले ठाऊक असते.

न्यायालयांनी हमीचा अर्थही काटेकोरपणे लावला आहे. क्लचच्या दोषावरून उद्भवलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केले, की हमी सदोष भाग बदलून देण्याची आहे, संपूर्ण मोटार बदलून देण्याची नव्हे. कराराचे शब्द पाहता हा निर्णय तर्कशुद्धच म्हटला पाहिजे. पण करार लिहिला कोणी? छापील हमीपत्रातला एक शब्दही बदलून घेण्याची ताकद ग्राहकाला नसते. २००९ साली तयार झालेली मोटार २०११ साली आपल्याला नवी म्हणून विकली, अशी तक्रार गोव्यातील एका ग्राहकाने केली होती. त्या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला मोकळे केले. उत्पादक आणि विक्रेता हे परस्परांशी स्वतंत्र धनी म्हणून व्यवहार करतात. विक्रेत्याच्या कृत्याची उत्पादकाला माहिती होती हे सिद्ध झाल्याखेरीज त्याला जबाबदार धरता येणार नाही, असा त्याचा आशय. ग्राहक मात्र शोरूमवरची पाटी पाहून आत शिरलेला असतो. पाटीवर नाव कंपनीचे असते.

अलीकडच्या दोन तरतुदींचा बराच गाजावाजा झाला. त्यांचा येथे उपयोग किती, हेही पाहिले पाहिजे. २०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु त्यातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूची झालेली हानी वगळलेली आहे! मोटारीचा स्फोट होऊन माणूस भाजला तर हे प्रकरण लागू. मोटार नुसतीच बंद पडत राहिली तर नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन सदोष मोटारी परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र शासनाला मिळाला. तोही पर्यावरणाला किंवा माणसांना अपाय करू शकणाऱ्या दोषांपुरता. ज्याच्या एकट्याच्याच मोटारीचा गिअरबॉक्स अडतो, त्याला यातून काही मिळत नाही.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने १९८२ साली या गुंत्याला फार साधे उत्तर शोधले. त्याने वाद यंत्रशास्त्रातून काढून अंकगणितात आणला. हमीच्या मुदतीत एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा मोटार एकूण तीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, की कंपनीला पुरेशी संधी मिळाली असे गृहीत धरायचे. मग बदली मोटार द्यायची किंवा पैसे. पुढे इतर राज्यांनीही असे कायदे केले. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यानुसार सदोष वस्तू पहिल्या तीस दिवसांत सरळ नाकारता येते; त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची एकच संधी. पहिल्या सहा महिन्यांत उघड झालेला दोष मुळातलाच होता असे मानले जाते आणि तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करावे लागते. पुराव्याचे ओझे ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्या खांद्यावर गेले, एवढाच काय तो बदल. पण त्यानेच सगळे पारडे फिरते.

यावर कारखानदारांचा आक्षेप ठरलेला आहे. ग्राहक सहा महिने मोटार फुकट वापरतील आणि मग परत आणून टाकतील. शिवाय मोटारी महाग होतील. पहिल्या आक्षेपाला ब्रिटिश कायद्यातच उत्तर आहे : मोटारीच्या बाबतीत झालेल्या वापरापोटी रक्कम कापून घेता येते. दुसरा आक्षेप अंशतः खरा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. किंमत थोडी वाढेल. परंतु आज तो खर्च नाहीसा झालेला नाही. तो सोडतीसारखा एखाद्याच्या घरी उतरतो. हजार ग्राहकांनी थोडे थोडे सोसायचे की त्यांतल्या एकाने सगळे, असा हा प्रश्न आहे, आणि विम्याचे तत्त्व समजणाऱ्या समाजाला त्याचे उत्तर अवघड वाटू नये. आपल्याकडे यासाठी नवा कायदाही लागणार नाही. ठरावीक खेपा आणि ठरावीक दिवस यांनंतर दोष मूळचाच असे गृहीत धरण्याची तरतूद आहे त्याच ग्राहक कायद्यात बसवता येईल. मात्र ‘किंमत’ म्हणजे केवळ शोरूमची किंमत नव्हे. भरलेला कर, नोंदणी आणि विमाही तीत धरला पाहिजे, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

तोपर्यंत कागद जपणे एवढेच ग्राहकाच्या हाती आहे. प्रत्येक खेपेचे जॉबकार्ड, त्यावर स्वतःच्या शब्दांत लिहून घेतलेली तक्रार, मोटार आत दिली आणि परत मिळाली त्या तारखा. फोनवरचे गोड बोलणे पुराव्यात येत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत, राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढे, वकिलाशिवायही करता येते, हे अनेक सुशिक्षितांनाही माहीत नसते.

बहुतेक जण मात्र या वाटेने जातच नाहीत. वर्षभर हेलपाटे घालून झाल्यावर एखादा स्नेही सुचवतो, की काढून टाका. अकरलॉफने सांगितल्याप्रमाणे किंमत पडलेलीच असते. तीही मिळावी यासाठी जॉबकार्डांची चळत घरीच ठेवून मोटार दाखवली जाते. आयुष्यभर मुलांना खरे बोलावे असे शिकवणारा शिक्षकही गिऱ्हाइकाच्या प्रश्नावर ‘गाडी चांगली आहे’ असे म्हणून जातो, आणि खाजगी विक्री असल्याने घेणाऱ्याने सावध असावे हेच जुने तत्त्व तेथे त्याच्या बाजूने उभे राहते. कॅलिफोर्नियात कंपनीने परत घेतलेल्या अशा मोटारीच्या मालकीपत्रावर तसा शिक्का मारावा लागतो. आपल्या नोंदणी पुस्तिकेत कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव येते. ती मोटार किती वेळा वर्कशॉपमध्ये गेली यासाठी रकाना नाही. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत ती मग ‘एकहाती, कमी चाललेली, उत्तम स्थितीत’ म्हणून झळकते, आणि दुसऱ्या गावचा एखादा लिपिक ती जाहिरात कापून खिशात ठेवतो.