वावरातली यंत्रे एकमेकांशी बोलतील काय?



मूर्तिजापूर स्टेशनवरचा खोळंबा पाहिलेली मंडळी आपल्यात अजून आहेत. यवतमाळ-अचलपूरची 'शकुंतला' अडीच फुटी रुळांवरची, तर मुंबई-नागपूर मार्ग साडेपाच फुटी. डबा पुढे जाणेच शक्य नाही. कापसाच्या गाठी उतरवा आणि दुसऱ्या गाडीत चढवा. शकुंतला आता बंद आहे, पण तसाच खोळंबा आपल्या वावरात आला आहे. ओल मोजणारा सेन्सर एका कंपनीचा, मोबाईलवरून चालणारा मोटारीचा स्टार्टर दुसरीचा, पाऊस-वारा मोजणारे यंत्र तिसरीचे. तीन ॲप, तीन पासवर्ड, आणि एकाचे दुसऱ्याला कळत नाही.

निरोप पोचवणे त्यातल्या त्यात सोपे आहे. त्यासाठी एमक्यूटीटी नावाची खुली पद्धत 1999 मध्ये तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्याकरिता निघाली. आज ती सर्रास वापरतात. पण पोस्टमनने पत्र दिले म्हणजे मजकूर समजला असे होत नाही. खरी मेख आकड्यात आहे.

समजा, सेन्सरने 30 हा आकडा कळवला. टेन्शिओमीटर असेल तर ते सेंटिबार. तिथे आकडा वाढला म्हणजे जमीन वाळली. टक्केवारीचा सेन्सर असेल तर नेमके उलटे. स्टार्टरला हे सांगितलेच नाही, तर भिजलेल्या उसात मोटार धो धो चालेल आणि वाळलेल्यात गप्प बसेल. टक्क्यांतही वजनी आणि आकारमानी असे दोन प्रकार. घनता 1.3 असलेल्या मातीत 20 टक्के वजनी ओल म्हणजे 26 टक्के आकारमानी. वेळेचेही तेच: यंत्राने जागतिक वेळेचे सकाळचे सहा लिहिले, तर आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात. लाइटच्या पाळीवर पाणी देणाऱ्याला हा घोळ परवडेल काय बाप्पा?

म्हणून आकड्यासोबत एकक, खोली, वेळ आणि जागा गेलीच पाहिजे. अशा समाईक भाषेसाठी जगातल्या मानक संस्थांनी 2012 मध्ये 'वनएमटूएम' सुरू केले. त्यात भारताचीही संस्था आहे. मध्ये दुभाष्याचे यंत्र, म्हणजे गेटवे, बसवूनही काम निघते. मात्र कंपनीने आकड्यांचे दार उघडे ठेवलेले हवे.

तेव्हा कोटेशनवरच लिहून घ्या: आकडे ॲपबाहेर काढता येतात काय, एकक कोणते, कंपनी बंद पडली तर यंत्र चालेल काय. "सगळं चालते जी" या तोंडी बोलण्यावर आम्ही तरी भरवसा ठेवणार नाही. आणि मोटारीचे हाताचे बटण कोणालाही काढू देऊ नका.