शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब मागणारे न्यायाधीश : न्यायमूर्ती रानडे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटलं की समाजसुधारणा आठवते. पण त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या खटल्यांत गेली, हे फारसं सांगितलं जात नाही.

सुरुवात कुठून झाली?

जन्म 18 जानेवारी 1842, निफाड. मुंबई विद्यापीठातून पदवी घेणाऱ्या पहिल्या तुकडीत ते होते. काही काळ त्यांनी अक्कलकोट संस्थानात कारभारी म्हणून आणि कोल्हापुरात न्यायाधीश म्हणून काम केलं. 1871 मध्ये ते पुण्यात सब-जज झाले.

सरकारला संशय का आला?

सरकारी नोकरीत असूनही रानडे पुणे सार्वजनिक सभेचे मार्गदर्शक होते. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड सुरू असताना पुण्यात बुधवार वाड्याला आग लागली. त्याच सुमारास रानडेंची धुळ्याला बदली झाली. तिथे त्यांची पत्रं फोडून वाचली जात, असं पत्नी रमाबाईंच्या आठवणींत आहे.

शेतकऱ्यांचा कायदा काय होता?

1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ले करून कर्जरोखे जाळले. त्यानंतर 1879 चा 'दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा' आला. याआधी रोख्यावर अंगठा असला की सावकाराचा दावा बहुतेक मान्य व्हायचा. आता कोर्ट विचारू लागलं : मूळ रक्कम किती, व्याज किती, फेडलं किती? शिवाय कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकता येत नव्हतं आणि हप्ते बांधून मिळत होते.

या कायद्याखालच्या कामावर देखरेख ठेवायला रानडे पुढे स्पेशल जज झाले. खालच्या कोर्टांचे निकाल तपासत ते जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले.

लोहाऱ्याला याचा फायदा झाला का?

नाही. कायदा पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांसाठी होता. लोहारा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सोलापूरच्या शेतकऱ्याला मिळालेलं हे संरक्षण सीमेपलीकडच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचलं नाही.

हायकोर्टात कधी गेले?

1893 मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचं निधन झालं. त्यांच्या जागी रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. 16 जानेवारी 1901 रोजी त्यांचं निधन झालं.

कर्जाच्या कागदावर सही करताना मूळ रक्कम, व्याज आणि फेडलेला हप्ता वेगवेगळा लिहून घ्या. या कायद्याने कोर्टालाही नेमकं हेच बघायला लावलं होतं.