कपाटात सरकवला म्हणून बिल्ट-इन होत नाही

नव्या घरात मॉड्युलर किचनचा आराखडा टेबलावर आला, की मायक्रोवेव्हच्या जागेवरून एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘बिल्ट-इनला उगाच जास्तीचे पैसे कशाला? साधाच घेऊ, सुतार त्याच्या मापाचा खण करून देईल. कडेनं पट्टी मारली की दिसायला तेच!’ इंटिरियरवाला मान डोलावतो, सुतार टेप काढतो आणि मशीनच्या मापात बोटभर वाढवून खण तयार होतो. या सगळ्यात ‘दिसायला तेच’ एवढंच खरं आहे. बिल्ट-इन हा मायक्रोवेव्हचा पेहराव नव्हे. चारी बाजूंनी बंद असलेल्या जागेतून गरम हवा बाहेर कशी काढायची, याची ती व्यवस्था आहे. जास्तीचे पैसे त्या व्यवस्थेचे असतात. चकचकीत काळ्या काचेचेही थोडे असतात, ते कबूल.

मायक्रोवेव्हच्या पाठीवर एक लेबल असतं, ते कुणी वाचत नाही. त्यावर दोन आकडे असतात : मशीन किती वीज घेतं आणि त्यातली किती अन्नापर्यंत पोचवतं. साधारण १४०० वॅट घेऊन ९०० वॅट देणारं मशीन काही वाईट मानलं जात नाही. मधले ५०० वॅट जातात कुठे? लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन आणि ट्रान्सफॉर्मर तापण्यात. हे भाग जळू नयेत म्हणून आतला पंखा त्यांच्यावरून हवा फिरवतो आणि ती गरम हवा जाळीतून बाहेर टाकतो. मशीन चालू असताना त्या जाळीशी हात धरून पाहावा. भात किंवा बटाटे शिजत असतील तर नुसती गरम नव्हे, ओलसर वाफ हाताला लागते, कारण अन्नातून निघालेली वाफही त्याच वाटेनं बाहेर पडते. अर्ध्या तापमानावर ठेवलेली इस्त्री खणात ठेवून दार लावायला कुणी धजावणार नाही. मायक्रोवेव्हच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो आणि त्याला ‘कन्सील्ड’ म्हणतो. मशीनभोवती उरलेली हवा किती, याचाही विचार करावा. ६० सेंमी रुंद आणि ४५ सेंमी उंच-खोल खणात लहान मशीन बसवलं तर सत्तरेक लिटर हवा उरते. तिचं वजन शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही. ती तापायला वेळ लागत नाही, आणि भोवतीचं प्लाय उष्णतेचं वाहक नसल्यामुळे ती निववायला मदतही करत नाही.

साधा, म्हणजे ओट्यावर ठेवायचा मायक्रोवेव्ह बनवताना कंपनीनं गृहीत धरलेलं असतं की त्याच्याभोवती मोकळी जागा असेल. म्हणून त्याच्या जाळ्या कुठेही असू शकतात : मागे, एका कुशीला, माथ्यावर, तळाशी. सोबतच्या पुस्तिकेत किती जागा सोडायची ते लिहिलेलं असतं. आकडे कंपनीगणिक बदलतात, पण वर २० ते ३० सेंमी आणि मागे १० सेंमी अशी मागणी अजिबात दुर्मीळ नाही. आता बोटभर फटीचा हिशेब त्याशेजारी ठेवून पाहा. बिल्ट-इन मशीनमध्ये हवेची वाट आधीच ठरवलेली असते. काही मॉडेलं दाराच्या खालच्या-वरच्या फटीतून समोरूनच हवा घेतात आणि समोरच सोडतात. काहींना टॉल युनिटच्या पाठीमागे भिंतीलगत उभी पोकळी लागते. त्यासाठी मशीनमागचं प्लाय काढून टाकायचं असतं आणि खालच्या-वरच्या फळ्याही मागून थोड्या आखूड ठेवायच्या असतात. हे सगळं कंपनीच्या कट-आउट ड्रॉइंगमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. ‘मागचं प्लाय काढा’ ही सूचना सुताराला आळशीपणाची वाटते आणि तो प्रामाणिकपणे छान पाठ ठोकून देतो.

शंका घेणाऱ्यांसाठी आधारही आहे. मायक्रोवेव्हच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३३५-२-२५ (आपल्याकडे आयएस ३०२, भाग २, विभाग २५) कंपन्यांना पुस्तिकेत काही इशारे छापायला लावतं. साध्या मशीनच्या पुस्तिकेत त्यातला एक बहुधा सापडतोच : कपाटात चाचणी झालेली नसेल तर हे मशीन कपाटात ठेवू नये. पुढे, जिथे मशीनवर शोभेचं दार असेल तिथे ते दार उघडं ठेवूनच मशीन चालवावं, असाही इशारा असतो. म्हणजे वापरताना शटर लोटून घेण्याची हौस चाचणी झालेल्या मशीनलाही माफ नाही. कपाटाबद्दलचा इशारा वकिली थाटात, बारीक टाइपात, पुस्तिकेच्या मधल्या पानावर असतो हे खरं. पण तो आहे, आणि खणात बसवल्यामुळे मशीन बिघडलं तर वॉरंटीच्या वादात तोच पुढे केला जातो.

‘आमच्याकडे इतकी वर्षं तसाच बसवलाय, काही झालं नाही.’ हा आक्षेप ठरलेला, आणि त्यात तथ्यही आहे. दिवसातून चारदा चहा किंवा वरण मिनिटभर गरम करणाऱ्या घरात उष्णता साचायला वेळच मिळत नाही. पण ते यश खणाचं नसून कमी वापराचं आहे. त्याच घरात पुढे कन्व्हेक्शनचं मशीन येतं आणि केकसाठी १८० अंशांवर पाऊण तास चालतं, तेव्हा गणित बदलतं. आधी उष्णतेनं बंद पडणारा स्विच आपलं काम करतो आणि मशीन मध्येच थांबतं. थोड्या वेळानं आपोआप सुरू होतं. लोक याला ‘व्होल्टेजचा प्रॉब्लेम’ म्हणतात. मग लॅमिनेटच्या कडेची पट्टी सुटू लागते, एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड असेल तर वाफेनं फुगतं. आग लागेल म्हणून कुणाला घाबरवण्याचं कारण नाही, मशीनला स्वतःची सुरक्षा असते. पण ती अपघातासाठी दिलेली आहे, रोजच्या स्वयंपाकासाठी नाही.

दुसरं उत्तर असतं भोकांचं. ‘मागे होल-सॉनं चार भोकं मारलीत की!’ भोकं उघडतात कुठे, हे विचारावं. मागे टाइल लावलेली भिंत असेल तर ती हवेला कुठेच नेत नाहीत. आणि खणातच फिरणारी गरम हवा पंखा पुन्हा आत ओढत असेल तर भोकं कितीही असोत, मशीन स्वतःचीच उष्णता पुन्हा पुन्हा गिळतं. हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी हवी. ट्रिम किटचं, म्हणजे मशीनभोवती बसवायच्या तयार चौकटीचं काय? ते खरं उत्तर आहे, पण एका अटीवर : कंपनीनं त्याच मॉडेलसाठी बनवलेलं असलं पाहिजे. बाजारात कुठलीही स्टीलची चौकट मिळते; तिच्यामागे हवेचा मार्ग नसेल तर ती फोटोफ्रेम आहे.

याचा अर्थ प्रत्येकानं बिल्ट-इनच घ्यावा असा मुळीच नाही. उलट अनेक घरांत तो अनावश्यक आहे. पुस्तिकेत सांगितलेली जागा सोडून मशीन कडप्प्याच्या उघड्या फळीवर ठेवलं, तर साधा मायक्रोवेव्ह उत्तम चालतो, बिघडला तर दुकानातून दुसरा आणून तिथेच ठेवता येतो, आणि त्याच्या मापाचं आयुष्यभराचं बंधन राहत नाही. बिल्ट-इनचं भोक एकदा कापलं की पुढचं मशीन त्याच भोकात बसणारं शोधावं लागतं. उघड्या फळीवर साधा किंवा ड्रॉइंगप्रमाणे बसवलेला बिल्ट-इन, दोन्ही शहाणपणाचे. मधला मार्ग तेवढा चुकीचा, आणि आपल्याकडे तोच लोकप्रिय.

बिल्ट-इन घ्यायचं ठरलंच, तर आधी मॉडेल, मग कपाट. उलट क्रमानं गेलं की मग वाद. बाहेरून बहुतेक मशीनं ६० सेंमीच्या युनिटसाठीच असतात, पण उंचीचे दोन ढोबळ गट पडतात : साधारण ३८ सेंमीच्या खणात बसणारे, आतून २० ते २५ लिटरचे, आणि ४५ सेंमीच्या खणात बसणारे, ४० लिटरच्या पुढचे. तेव्हा ‘साठ सेंमीचा आहे, म्हणजे आतून ऐसपैस असणार’ हाही भ्रमच. लिटरचा आकडासुद्धा पूर्ण खरं सांगत नाही. घरात नेहमी वापरलं जाणारं काचेचं भांडं शोरूममध्ये नेऊन आत फिरतंय का पाहावं. आयताकृती भांड्याचे कोपरे फिरत्या थाळीवर भिंतींना अडतात. दार कोणत्या बाजूला उघडतं तेही आधीच पाहायला हवं. बाजूला उघडणारी बहुतेक दारं डावीकडे उघडतात, आणि डावीकडे भिंत किंवा फ्रिज असेल तर दार अर्धवटच उघडतं. आणि हे कळतं मशीन बसवून झाल्यावर.

विजेचं गणित तर सोपं आहे, तरी चुकतं. आपला छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंतचा. कन्व्हेक्शन चालू झालं की मशीन सहज २००० वॅटच्या पुढे जातं आणि मायक्रोवेव्ह आणि ओव्हन एकत्र असलेले मोठे कॉम्बी ३००० ओलांडतात, म्हणजे १३ अँपिअरहून जास्त. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा, आणि तो मशीनच्या बरोबर मागे नको. मागे ठेवला की जाड प्लगमुळे मशीन पूर्ण आत जात नाही, आणि कधी बंद करायची वेळ आली तर हातही पोचत नाही. शेजारच्या कपाटात ठेवावा. एक्स्टेन्शन बोर्डचा विषयच नको.

राहता राहिली डोळ्यांसमोरच्या मायक्रोवेव्हची भीती. ‘एवढ्या उंचीवर लावलाय, किरणं थेट डोळ्यांत जातील!’ मायक्रोवेव्हची लहर सुमारे १२ सेंमी लांबीची असते आणि दाराच्या जाळीची छिद्रं मिलिमीटरभराची. तिथून लहर सुटणं जवळपास अशक्य. तरी नियम आहेच : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मर्यादेनुसार मशीनच्या पूर्ण आयुष्यात दारापासून ५ सेंमीवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा जास्त गळती चालत नाही, आणि हात-दीड हात मागे सरकलं की ती सुमारे शंभरावा भाग उरते. दार उघडताच स्वतंत्र स्विच लहरी तोडतात. दार उघडं ठेवून मशीन चालत नाही. दार वाकलं असेल किंवा नीट बसत नसेल तर मात्र वापरू नये. उंचीची खरी भीती वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. खांद्याच्या वरून उकळत्या आमटीचं भांडं उतरवताना ते तोंडावर कलंडू शकतं. मशीनचा तळ घरातल्या सर्वांत बुटक्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या छातीच्या खाली हवा, हे ड्रॉइंगवर आधी लिहून घ्यावं.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीचे. मायक्रोवेव्हमधलं अन्न किरणोत्सारी होत नाही. मशीन बंद झालं की लहरीही संपल्या. जीवनसत्त्वं नष्ट होतात म्हणणाऱ्यांनी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देताना हाच विचार करावा. कन्व्हेक्शन असलं म्हणून प्रत्येक मशीन ओटीजीची जागा घेत नाही. खालून कुरकुरीत करायचं असेल तर खालची कॉइल आहे का ते विचारावं. आणि स्वयंपाक झाल्यावरही पंखा घुमत राहतो, तो बिघाड नव्हे. तो आतली उष्णता काढतोय. ‘वीज जाते’ म्हणून लगेच भिंतीवरचा स्विच पाडू नये.